ग्लेझ म्हणजे रंगावर मारलेलं वॉर्निश नव्हे

इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या बाळयेशूच्या मृण्मय शिल्पाचा फोटो दिसला, की खाली हमखास ‘रंगवलेली टेराकोटा’ असं लिहिलेलं असतं. ला व्हेर्नाच्या मठातलं आंद्रेआ देल्ला रोब्बियाचं वेदीशिल्प आणि मोदेनाच्या कॅथेड्रलातला ग्विदो मात्सोनीचा देखावा, दोन्हींना एकच लेबल. दोन्ही भाजलेल्या मातीची आणि 1480च्या आसपासची, एवढं मान्य.

मात्सोनीचं तंत्र आपल्याला समजावून सांगायला नको. भट्टीचा भाग सोडला तर गणपतीच्या कारखान्यातही तेच चालतं: मूर्ती घडवायची आणि वर रंग द्यायचा. त्यातली बाळाची पेज फुंकून निववणारी दासी मला अतिशय प्रिय आहे.

आंद्रेआच्या शिल्पात गवतावर निजलेल्या बाळापुढे मरीया गुडघे टेकून आहे. तिच्या पांढऱ्या रंगाला आणि मागच्या निळ्याला कुणी ‘रंग’ म्हटलं की मला राहवत नाही. तो काचेचा थर आहे, म्हणजेच ग्लेझ किंवा झिलई. कथलाच्या भस्मामुळे काच अपारदर्शक पांढरी होते, कोबाल्टमुळे निळी. कुंभार ही झिलई भांड्यांवर आधीपासून वापरत होते. आंद्रेआचे काका लूका यांनी 1440च्या दशकात ती मोठ्या शिल्पांवर आणली. माती एकदा भाजायची, झिलईचं पातळ मिश्रण चढवायचं, पुन्हा भाजायचं. दुसऱ्या भाजणीत झिलई वितळून मातीला धरते. रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कोबाल्टचा निळा मात्र उजेडाने विटत नाही, आणि झिलई ओलही सहसा आत शिरू देत नाही. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या त्या थंड, दमट मठात भित्तिचित्रापेक्षा हेच शहाणपणाचं होतं.

ओळखायचं कसं? सांधे शोधा. एवढं मोठं शिल्प अखंड भाजता येत नाही, म्हणून ते तुकड्यांत कापून भाजत आणि भिंतीत जुळवत. कापताना रेघ शक्यतो वस्त्राच्या किंवा आकृतीच्या कडेने नेत. चकाकीवर विसंबू नका, वॉर्निशही चकाकतं. पोर्सेलिन म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की हे पोर्सेलिन नाही.

खरी पंचाईत आंद्रेआचा मुलगा जोव्हान्नी करतो. त्याच्या काही शिल्पांत वस्त्रांना ग्लेझ आहे, पण चेहरे आणि हात कोरे ठेवून नंतर रंगवलेले. तिथे ‘रंगवलेली’ हा शब्द खुशाल वापरा, पण फक्त चेहऱ्याहातांपुरता.