रीफ टँकच्या तळाला वाळू किती? या भांडणाची मागची गोष्ट

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायला घेतला की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक जण म्हणतो ५-६ इंच बारीक वाळू टाक, दुसरा म्हणतो तळ कोराच ठेव, तिसरा सांगतो की सम्पमधले (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतले) बायोबॉल्स, म्हणजे बॅक्टेरिया वाढायला ठेवलेले प्लास्टिकचे गोळे, आधी काढून फेक. नवीन माणूस चक्रावतो, कारण सगळेच छातीठोकपणे बोलत असतात आणि सगळ्यांचे टँक बरे चाललेले असतात. हे सल्ले वेगवेगळ्या काळातून आलेत आणि येताना बऱ्याचदा अर्धेच पोचलेत, खरी भानगड तिथे आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये, १८५० च्या आसपास. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने दाखवलं की वनस्पती, मासे आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी बरंच टिकतं. १८५३ मध्ये लंडनच्या झूमध्ये फिश हाऊस उघडलं, त्यात फिलिप हेन्री गॉसचा मोठा हात होता. पण तेव्हा सगळा हिशोब ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचा. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात हे कोणाच्या गावीही नव्हतं, ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास वेगळे काढले. म्हणजे वाळू तळाला होती, पण शोभेला आणि झाडं रोवायला.

वाळूला काम मिळालं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, अंडरग्रॅव्हल फिल्टर आला तेव्हा. तळाला भोकांची प्लेट, वर खडी, कोपऱ्यात एअरपंपवर चालणारी नळी, ती पाणी वर खेचते की टँकमधलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं. खडीवर बॅक्टेरिया वाढतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. मासे जगायला लागले! त्याच सुमारास, १९६० च्या दशकात, पाण्यात मिसळायचं तयार समुद्री मीठ मिळायला लागलं, त्यामुळे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचीही सोय झाली. पण खडीत गाळ अडकत जायचा, नायट्रेट साचत जायचं आणि कोरल काही टिकायचे नाहीत. (लाइट्सही तेव्हा यथातथाच होते, सगळा दोष फिल्टरला देणं बरोबर नाही.)

याच काळात जकार्ताचा ली चिन एंग भलत्याच वाटेने चालला होता. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्याने आपली पद्धत मांडली: जिवंत खडक (लाइव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया आणि छोटे जीव वसलेला समुद्रातला खडक), ताजं समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. फिल्टर नाहीच. लोकांनी करून बघितलं आणि बहुतेकांचं फसलं. कारण सोपं आहे, त्याच्या दारात समुद्र होता आणि डोक्यावर विषुववृत्ताचं ऊन, बाकीच्यांना खडक मिळायचा तो कित्येक तास पाण्याबाहेर राहून अर्धा मेलेला. पद्धत लोकांपर्यंत पोचली, परिस्थिती पोचली नाही. हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

जर्मनांनी मात्र दुसऱ्या टोकाने विचार केला, की घाण कुजल्यावर तिचं काय करायचं यापेक्षा कुजायच्या आधीच बाहेर काढू. फेसाबरोबर प्रोटीन वर येऊन कपात जमा होतं, तोच स्किमर. पीटर विल्केन्सने कॅल्शियम टिकवायला चुन्याचं निवळ पाणी, म्हणजे कालकवासर, वापरायचा आग्रह धरला. बर्लिनमध्ये डीट्रिश श्ट्यूबर आणि मंडळींनी भरपूर लाइव्ह रॉक, दणकट स्किमर आणि जोरदार लाइट अशी जोडी जमवली, तीच बर्लिन मेथड. खडकाच्या आतल्या बारीक पोकळ्यांत ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. इथे वाळूची गरजच फारशी उरत नाही. श्ट्यूबरने वाढवलेल्या ॲक्रोपोरा कोरलचे तुकडे नंतर युरोपभर टँक-टँकमध्ये फिरले, यापेक्षा मोठा पुरावा काय देणार.

अमेरिकेत मिनी रीफची, म्हणजे घरगुती रीफ टँकची, लाट आली ती १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटच्या लेखमालेने. त्यात वेट-ड्राय फिल्टर होता, पाणी बायोबॉल्सवरून ठिबकत खाली येतं, हवा भरपूर, बॅक्टेरिया खूश. अमोनिया क्षणात साफ, पण पुढचं काहीच नाही, नायट्रेट जसंच्या तसं. आज बायोबॉल्सना नायट्रेटची फॅक्टरी म्हणून हिणवतात ते यावरून. माझ्या मते हे जरा अन्यायाचं आहे, बॉल्स त्यांचं काम नीट करत होते, फक्त ते काम निम्मंच होतं.

आणि मग वाळू परत आली. मोनॅकोच्या जाँ झोबेरने १९८० च्या दशकात तळाशी जाळी टेकवून एक रिकामी पोकळी ठेवली, प्लेनम, आणि त्यावर कोरलच्या वाळूचा जाड थर. खालपर्यंत ऑक्सिजन थोडाथोडा झिरपतो, वर नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट), खाली डीनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू), पंप न लावता. १९९० च्या दशकात जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेकने डीप सँड बेड (खोल वाळूचा थर) उचलून धरला: प्लेनम नको, पण वाळू खूप बारीक, ४ इंच किंवा जास्त, आणि तिच्यात किडे, वर्म्स, छोटे जीव भरपूर. ते वाळू सतत खालीवर करतात म्हणून ती श्वास घेते. लोकांनी काय केलं, तर वाळू आणली आणि किडे आणले नाहीत, वरून वाळू चाळणारे मासे सोडले, जे होते नव्हते ते किडे त्यांनी फस्त केले. मग काही वर्षांनी गाळ, फॉस्फेट, आणि वाळू ढवळली तर सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. २००० नंतर बेअर बॉटमचा, म्हणजे कोऱ्या तळाचा, जोर झाला तो या अनुभवांवरून, शिवाय एसपीएस (ॲक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या) कोरलना हवा तो जबरदस्त फ्लो वाळू असली की देता येत नाही, सगळा टँक वादळासारखा गढूळ होतो. २००५ मध्ये रॉब टूनेन आणि सहकाऱ्याने उथळ-खोल, प्लेनमसह-प्लेनमशिवाय अशी तुलना केली, तेव्हा प्लेनमने म्हणावा असा फरक पडत नाही असं दिसलं. इतकी वर्षं त्या पोकळीवरून भांडणं झाली होती!

त्याच वर्षी सिॲटल ॲक्वेरियमच्या एका टँकच्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा जीव वेगळा काढला गेला. हा बॅक्टेरिया नाही, आर्किया (सूक्ष्मजीवांचा एक वेगळाच गट) आहे, आणि अमोनियावर जगतो. म्हणजे ज्या खडीला आपण शंभर नावं ठेवली तिच्यात नक्की कोण काम करतंय हेही तोवर पूर्ण माहीत नव्हतं. त्याआधी १९९० च्या दशकातच टँकमध्ये नायट्राइट खाणारा मुख्य जीव नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा आहे हे पुढे आलं होतं.

आता समुद्रातून काढलेल्या लाइव्ह रॉकवर बऱ्याच ठिकाणी बंधनं आली, त्यामुळे बहुतेक जण कोरड्या खडकाने सुरू करतात. आयते किडे आणि बॅक्टेरिया त्यात नसतात, म्हणून पहिले काही महिने डायटम आणि डायनो (सूक्ष्म जीवांचे तपकिरी थर), केसाळ शेवाळ असं एकामागून एक चालू राहतं. जुन्या निरोगी टँकमधली मूठभर वाळू मागून आणायची पद्धत त्यामुळेच पडलीये. वाळूच्या जाडीचं म्हणाल तर डिस्प्लेमध्ये (मुख्य टँकमध्ये) १-२ इंच अरागोनाइट (चुनखडीच्या जातीची वाळू) ठेवायची, सायफनने साफ करता येईल इतकीच, आणि खोल वाळूची हौस असेल तर ती सम्पला जोडलेल्या वेगळ्या बादलीत, म्हणजे बिघडली तर ती तेवढीच बादली काढता येते.