लिपिड पटलाची तरलता: डीपीएचपासून लॉर्डनपर्यंत

पेशीपटल हा लिपिडांचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा, दुपदरी, द्रवरूप थर आहे आणि प्रथिने त्यात हलतीफिरती असतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले. मग जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीच्या या थराची तरलता मोजायची कशी? उपाय जुनाच होता. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश शोषल्यापासून तो परत सोडेपर्यंत चमकणारा रेणू जितका फिरेल, तितके बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण घटते. हा हिशेब फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये केला होता आणि ग्रेगोरियो वेबर यांनी १९५२ मध्ये तो प्रथिनांवर वापरून दाखवला.

पटलासाठी सोयीचा रेणू ठरला डायफिनाइलहेक्साट्राइन, म्हणजे डीपीएच. हा सरळ दांड्यासारखा रेणू पाण्यात जवळजवळ अंधारा राहतो आणि लिपिडांच्या शेपट्यांमध्ये शिरला की उजळतो, त्यामुळे उरलेला प्रोब (मोजणीसाठी घातलेला रेणू) धुऊन काढावा लागत नाही. शिनित्स्की आणि बारेनहोल्झ यांच्या १९७४ मधील कामानंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. ती कृती आजही चालते. डीपीएचचे टीएचएफ या द्रावकातले २ मिलिमोलर द्रावण जोरात ढवळत्या बफरमध्ये हजारपट विरळ करायचे. त्यात ०.४ मिलिमोलर लिपिडाचे लायपोसोम (लिपिड थराच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या) समप्रमाणात मिसळायचे, म्हणजे २०० लिपिड रेणूंमागे एक प्रोब पडतो. अंधारात तासभर ठेवायचे, तेही लिपिड ताठ जेल अवस्थेतून द्रव होते त्या, अवस्थांतराच्या तापमानाच्या वर. डीपीपीसी या लिपिडासाठी ४१ अंश सेल्सिअसच्या वर. थंड, जेल अवस्थेतल्या पटलात प्रोब नीट शिरत नाही आणि आकडे तासागणिक सरकत राहतात. उद्दीपन, म्हणजे रेणूला प्रकाश देणे, ३६० नॅनोमीटरला, मोजणी ४३० च्या आसपास.

चुका बहुतेक प्रकाशमार्गात होतात. विकिरण झालेला, म्हणजे नमुन्यातल्या कणांवरून विखुरलेला, उद्दीपक प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचला की ध्रुवण खोटे वाढते आणि पटल आहे त्याहून ताठ भासते. उलट, नमुना फार गढूळ असेल तर पुन्हापुन्हा होणाऱ्या विकिरणाने ध्रुवण खोटे घटते. म्हणून प्रोब न घातलेला तोच नमुना प्रत्येक तापमानाला मोजून वजा करावा, आणि तरंगलांबी निवडणारा मोनोक्रोमेटर उभा व आडवा ध्रुवित प्रकाश सारखा पार करत नसल्याने जी-गुणकाची दुरुस्तीही करावी. प्रकाश सतत चालू ठेवला तर डीपीएच विझत जातो. वाचनांच्या मध्ये शटर बंद हवे.

यापेक्षा मोठी अडचण अर्थ लावण्याची होती. सत्तरच्या दशकात ध्रुवणाचे माप असलेल्या अ‍ॅनायसोट्रॉपीच्या आकड्यावरून पटलाची ‘सूक्ष्म विष्यंदिता’, म्हणजे आतला दाटपणा, काढून छापली जाई, जणू पटल म्हणजे साधे तेलच. तेलात प्रोब कोणत्याही दिशेला फिरू शकतो. पटलात शेपट्या त्याला अडवतात. कावातो, किनोसिता आणि इकेगामी यांनी १९७७ मध्ये नॅनोसेकंदांच्या मोजणीतून दाखवले, की अ‍ॅनायसोट्रॉपी काही वेळ घसरते आणि मग शून्यावर न जाता एका पातळीवर थांबते. प्रोब एका शंकूच्या आतच डुलतो. स्थिर प्रकाशात मिळणाऱ्या आकड्याचा मोठा भाग या थांबलेल्या पातळीचा असतो, म्हणजे तो गतीपेक्षा शेपट्यांची शिस्त अधिक सांगतो. हे स्पष्ट होऊनही डीपीएचच्या आकड्याला नुसती ‘तरलता’ म्हणणारे निबंध छापले जातात, आणि ते चूकच आहे.

दुसरा प्रश्न होता खोलीचा. डीपीएच थराच्या पोटात कुठेही असू शकतो आणि जिवंत पेशीत आतल्या पटलांतही पोचतो. १९८१ मध्ये आलेल्या टीएमए-डीपीएच या त्याच्या सुधारित रूपाला विद्युतभारित टोक आहे. ते पाण्याकडच्या बाजूला अडकते, आणि प्रोब निदान सुरुवातीचा काही वेळ पेशीच्या बाह्य पटलात राहतो.

वेबर यांनी १९७९ मध्ये फॅरिस यांच्यासह प्रोडान हा दुसरा चमकणारा रेणू प्रसिद्ध केला. त्याचेच बारा कार्बनांची शेपटी असलेले भावंड म्हणजे लॉर्डन. शेपटीमुळे तो पाण्यात निसटत नाही, आणि त्याचा चमकणारा भाग लिपिडाच्या ग्लिसरॉलच्या पातळीवर बसतो. शेजारी पाण्याचे रेणू असतील आणि त्यांना वळायला जागा असेल, तर त्याचा प्रकाश ४४० नॅनोमीटरवरून ४९० कडे सरकतो. तिझियाना पारासासी, एन्रिको ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या दोन तीव्रतांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून ‘जीपी’ (जनरलाइज्ड पोलरायझेशन) हे माप दिले. जेल अवस्थेत ते ०.६ च्या आसपास असते, द्रव अवस्थेत शून्याखाली जाते. द्रव पटलात कोलेस्टेरॉल घातल्यावर ते वाढते, कारण पाणी बाहेर ढकलले जाते. म्हणजे लॉर्डन मोजतो पाणी, डीपीएच मोजतो शिस्त. दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर प्रयोग बिघडला असे समजू नये.

पटलाच्या सीमेवरचे पाणी मुक्त पाण्यापेक्षा सावकाश वळते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने उद्दीपनाची तरंगलांबी लाल बाजूला सरकवत त्याचा मागोवा घेतला.

सूक्ष्मदर्शकाखाली लॉर्डन अतिनील प्रकाशात लवकर विझतो, म्हणून द्वि-फोटॉन उद्दीपन (कमी ऊर्जेचे दोन फोटॉन एकदम शोषणे) आले, सुमारे ७८० नॅनोमीटरला. इथे एक खाचखळगा आहे. ध्रुवित लेसर वापरला की मोठ्या लायपोसोमच्या कडेला, लेसरच्या दिशेशी जुळणारे रेणूच जास्त उजळतात, आणि विशेषतः जेल अवस्थेत एकसारखे पटलही दोन भागांचे दिसू लागते. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वापरून हे तपासावे. शिवाय जीपीचा आकडा फिल्टर आणि डिटेक्टरवर अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक यंत्रावर लॉर्डनच्या डीएमएसओ या द्रावकातल्या द्रावणाने आधी तो जुळवून घ्यावा लागतो.