हाक कोणत्या वाड्यात मारली?

समजा, गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात जुना राउटर काढून नवा बसवला. लगेच हिशेबाच्या सर्व्हरला डेटाबेस सापडेना. इंटरनेट मात्र चालू. बोट नव्या राउटरकडे जातं. त्याआधी सर्व्हरचा एआरपी तक्ता उघडा.

आयपी पत्त्यावरून यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, शोधायचा, हे एआरपीचं काम. १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी ही पद्धत मांडली. 'हा आयपी कोणाचा?' असं सर्व्हर आपल्या सबनेटमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या तुकड्यातल्या, सगळ्यांना विचारतो आणि ज्याचा असेल तो उत्तर देतो. ते उत्तर एआरपी तक्त्यात नोंदलं जातं. राउटर हा प्रश्न पलीकडे जाऊ देत नाही. साखळी गावच्या वाड्यात मारलेली हाक डिचोलीत कशी ऐकू जाणार? म्हणून दुसऱ्या सबनेटशी बोलायचं तर गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, मॅक विचारायचा.

समोरचा आपल्यातला की बाहेरचा, हे सबनेट मास्क ठरवतो: मास्कमध्ये जिथे २५५, तिथले दोघांचे आकडे जुळले तर आपल्यातला. सर्व्हर १०.२०.५.१०, डेटाबेस १०.२०.९.४०. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर डेटाबेस बाहेरचा. सर्व्हरवर कोणी २५५.२५५.०.० टाकला असेल, तर त्याला डेटाबेस शेजारीच वाटतो आणि तो थेट त्याचाच मॅक विचारत बसतो. तक्त्यात १०.२०.९.४० समोर 'इनकम्प्लीट' किंवा 'फेल्ड' (उत्तर मिळालं नाही) दिसलं की रोग सापडला. दुसऱ्या सबनेटचा पत्ता तिथे यायलाच नको.

डेटाबेसवरून सर्व्हरला पिंग, म्हणजे चाचणीची हाक, करा, उत्तर येणार नाही. पण सर्व्हरवर येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं टीसीपीडम्प लावून पाहा, पिंग पोहोचलेलं दिसेल! यायची वाट धड आहे, परतीची तुटली आहे. इथेच माणसं फायरवॉल उसवत बसतात आणि अख्खा दिवस जातो. इंटरनेट चालतं, कारण ते पत्ते चुकीच्या मास्कनेही बाहेरचेच ठरतात.

मग इतकी वर्षं चाललं कसं? जुन्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू होतं, नव्यावर नाही. डेटाबेसची चौकशी झाली की राउटर स्वतःचाच मॅक पुढे करायचा. सिस्कोच्या अनेक राउटरांवर ही सोय मुळातच चालू असते. ती चुका झाकते, म्हणून सर्व्हरच्या नेटवर्कवर बंदच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र बंद करण्यापूर्वी प्रत्येक सर्व्हरचा तक्ता बघा: परक्या सबनेटचे बरेच पत्ते आणि सगळ्यांसमोर गेटवेचाच मॅक असेल, तर तिथेही मास्क चुकलेला आहे.

तो सुधारा, आणि ज्या नमुन्यावरून हे सर्व्हर उभे केले त्यातलाही.