संशोधकाचा वेळ विकत घेणारं अनुदान: गोव्यापुरती पार्श्वभूमी

संशोधनाचं नेहमीचं अनुदान प्रकल्पाला मिळतं. औषधं, सर्वेक्षक, गाडी, तपासण्या असा त्याचा हिशेब असतो. नवख्या संशोधकांसाठीच्या मार्गदर्शकासहित अनुदानात पैसा माणसावर लागतो. तीन ते पाच वर्षांचा पगार, थोडा संशोधन खर्च, प्रशिक्षण, आणि हे सगळं एखाद्या अनुभवी संशोधकाच्या देखरेखीखाली. मुळात यात विकत घेतला जातो तो वेळ, आणि गोव्यात नेमकी त्याचीच वानवा असते.

ही पद्धत रुळली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये. तिथले ‘के’ पुरस्कार याच जातीचे. 1990च्या दशकाअखेर रुग्णांवर प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी ‘के 23’ आला, कारण ओपीडी सांभाळणारा डॉक्टर प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाशी स्पर्धेत टिकत नव्हता. 2006मध्ये ‘के 99/आर 00’ जाहीर झाला. त्यात पहिला टप्पा मार्गदर्शकाकडे आणि दुसरा स्वतःच्या जागेवर असतो. बहुतेक के पुरस्कारांची अट एकच: वर्षातले किमान 9 महिने, म्हणजे 75 टक्के वेळ, संशोधन आणि प्रशिक्षणाला. संस्थेला जागा, वीज, कार्यालय अशा वरखर्चापोटी मिळतात फक्त 8 टक्के. ही रक्कम इतकी तुटपुंजी आहे की संस्थेच्या लेखा विभागाला अशा अनुदानात फारसा रस नसतो. अमेरिकेचं नागरिकत्व वा कायम निवास नसेल तर यातले बरेच पुरस्कार बंदच. विकसनशील देशांतल्या संस्थांत काम करणाऱ्यांसाठी एनआयएचच्याच फोगार्टी आंतरराष्ट्रीय केंद्राने पुढे ‘के 43’ काढला. त्यात एक मार्गदर्शक अमेरिकेतला आणि एक मायदेशातला लागतो.

भारतात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 1979मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन योजना सुरू केली. त्यातून संशोधनाची चव कळते, पण पोट भरत नाही. पदवीनंतर काय, याचं ठोस उत्तर 2008मध्ये मिळालं. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि आरोग्य संशोधनाला पैसा देणारा ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून इंडिया अलायन्स उभी केली. तिच्या सुरुवातीच्या पायरीची फेलोशिप पाच वर्षांची असते, पगार फेलोशिपच देते आणि कायम नोकरी असण्याची अट नाही. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य यांना त्यात वेगळी वाट आहे.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 1842च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे, आणि मंडूर व सांताक्रूझची आरोग्य केंद्रं समाजवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची शाळा आहेत. पण माणसं घडवण्याचं मोठं काम 1996मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या बिगरसरकारी संस्थेतही झालं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. 24 दवाखान्यांतल्या 2,796 रुग्णांवरची, नैराश्य आणि चिंता यांच्या उपचाराची ‘मानस’ चाचणी 2010मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. 2017च्या अंकात दोन जोड चाचण्या आल्या, नैराश्याची 495 रुग्णांवरची आणि मद्यपानाची 377 पुरुषांवरची. हे काम पटेल यांच्या वेलकम ज्येष्ठ फेलोशिपमधून झालं, पण मद्यपानाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव अभिजित नाडकर्णी यांचं आहे. ज्येष्ठाच्या फेलोशिपच्या पोटात धाकटा संशोधक घडतो, ही ती रीत. स्वतःच्या नावावर अनुदान मागण्याआधीचा तो टप्पा असतो, आणि आमच्या मते तो टाळून अर्ज करणाऱ्यांचा मार्गदर्शन आराखडा वाचताच उघडा पडतो.

के अर्जाची छाननी पाच गोष्टींवर होते: उमेदवार, कारकीर्द आराखडा, संशोधन आराखडा, मार्गदर्शक, आणि संस्थेचं वातावरण व बांधिलकी. प्रत्येकीला 1 ते 9 गुण, आणि 1 सर्वांत चांगला. नवखा उमेदवार सगळी ताकद संशोधन आराखड्यावर लावतो. तिथेच फसतं. उमेदवाराची माहिती आणि संशोधनाची मांडणी मिळून 12 पानांतच बसवायची असते, त्यामुळे नमुन्याचा आकार आणि विश्लेषण यांनी जागा खाल्ली की कारकीर्द आराखड्याला दोन परिच्छेद उरतात. ‘संख्याशास्त्र शिकेन’ हे पुरेसं नाही. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या वर्षी, आणि त्यातून आलेलं कौशल्य संशोधनाच्या कोणत्या उद्दिष्टात वापरणार, हे जुळवून दाखवावं लागतं. शिफारसपत्रं 3 ते 5 लागतात आणि मार्गदर्शकाचं पत्र त्यात मोजत नाहीत. ऐन मुदतीला हे कळून धावपळ करणारे दरवेळी असतात.

संस्थेची बांधिलकी हा गोव्यातला खरा कच्चा दुवा. सरकारी महाविद्यालयात पगार पक्का, पण ओपीडी, परीक्षा, तपासणी समित्या आणि साथीच्या काळातल्या नेमणुका यांतून 75 टक्के वेळ सोडवायचा तर शासनाचा लेखी आदेश हवा. विभागप्रमुखाचं सदिच्छापत्र त्या जागी चालत नाही, कारण विभागप्रमुख बदलतो. बिगरसरकारी संस्थेत उलट. वेळ भरपूर, पण पगार अनुदानाबरोबर येतो आणि अनुदानाबरोबर जातो. म्हणून तिथल्याने चौथ्या वर्षीच पुढचा अर्ज टाकायचा. पाचव्या वर्षी टाकला तर निकाल येईपर्यंतचे महिने बिनपगारी जाऊ शकतात.

परदेशी पैशाला आणखी दोन दारं ओलांडावी लागतात. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते आणि ती संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीहून वेगळी असते. दुसरं दार एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं. 2020च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. पूर्वी मोठी संस्था पैसे घेऊन छोट्या संस्थेतल्या संशोधकाला देत असे, ती सोय बुजली. त्यात मे 2025मध्ये एनआयएचनेही परदेशी उप-अनुदानांची, म्हणजे मूळ अनुदानातला वाटा परदेशी संस्थेला देण्याची, जुनी पद्धत थांबवली. आता ज्या संस्थेत संशोधक प्रत्यक्ष बसतो तिच्याकडेच नोंदणी, खातं आणि ऑडिट हवं. एनआयएचकडे थेट अर्ज करायचा तर संस्थेची अमेरिकी नोंदणीही आधी लागते. तिला आठवडे जातात आणि शेवटच्या पंधरवड्यात ती कधीच होत नाही.