अल्ट्रा-वाइडबँड मुद्रित अँटेना

सर्किट बोर्डावरील तांब्याच्या पातळ थरातून कोरून काढलेला आणि कित्येक गिगाहर्ट्झ रुंदीचा वारंवारतापट्टा एकट्याने हाताळणारा अँटेना. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा पट्टा अत्यल्प शक्तीच्या विनापरवाना वापरासाठी खुला केल्यानंतर त्यावरील संशोधनाला जोर आला.

यातील सर्वपरिचित रचना वर्तुळाकार मोनोपोलची, म्हणजे एकाच भुजेच्या अँटेनाची आहे. बोर्डाच्या एका बाजूस तांब्याची चकती व तिला जोडलेली, संकेत पोचवणारी ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप पट्टी असते; मागील बाजूस ग्राउंड प्लेन (शून्य विभवाचा तांब्याचा थर) फक्त पट्टीखाली ठेवून चकतीमागचे तांबे काढून टाकतात. नेहमीच्या पॅच अँटेनात, म्हणजे अखंड ग्राउंडसमोर तांब्याचा तुकडा (पॅच) असलेल्या अँटेनात, ऊर्जा पॅच व ग्राउंड यांमध्ये कोंडलेली राहते आणि पट्टा जेमतेम काही टक्के रुंद मिळतो. येथे तो अडसर नसल्याने चकतीच्या कडेने वाहणाऱ्या प्रवाहांची लागोपाठची अनुस्पंदने (रेझोनन्स) एकमेकांत मिसळून अखंड पट्टा तयार होतो.

पट्ट्याची खालची मर्यादा मुख्यतः चकतीच्या उंचीवर ठरते. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेतील के. पी. रे यांनी २००८ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार चकतीची उंची, तेवढ्याच उंचीच्या व पृष्ठफळाच्या दंडगोलाची त्रिज्या आणि चकती व ग्राउंड यांमधील फट यांची सेंटीमीटरमधील बेरीज, एफआर-४ (काचतंतू व इपॉक्सीच्या) बोर्डासाठी १.१५ ने गुणून, ७.२ या संख्येस तिने भागले की ही मर्यादा गिगाहर्ट्झमध्ये मिळते. १० मिमी त्रिज्येची चकती व ०.५ मिमी फट घेतल्यास ती सुमारे २.७ गिगाहर्ट्झ येते.

खरी कसोटी असते ती या फटीची. ती मिलिमीटरच्या काही दशांशांनी बदलली तरी पट्टी व अँटेना यांच्यातील संरोधाचा (इम्पीडन्सचा) मेळ बिघडतो, कारण ग्राउंड हा अँटेनाचाच दुसरा भाग असतो. ग्राउंड फार लहान असेल तर मोजणीच्या केबलवरही प्रवाह उतरतो आणि केबलच अँटेनाचे काम करू लागते. प्रबंधांतील देखणे आलेख वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

वरच्या वारंवारतांना मेळ टिकला तरी प्रारण सर्व दिशांना सारखे राहत नाही. शिवाय या पट्ट्यातून पाठवली जाणारी अतिलघू स्पंदे विस्कटू नयेत म्हणून सर्व वारंवारतांना होणारा विलंब जवळपास समान असावा लागतो. दिशात्मक प्रारण हवे असल्यास गिब्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला, रुंदावत जाणाऱ्या खाचेचा विवाल्डी अँटेना वापरतात.

५.१५ ते ५.८२५ गिगाहर्ट्झमधील वाय-फायचा उपद्रव टाळण्यासाठी चकतीत यू-आकाराची चीर कापतात. एफआर-४ वर तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी, म्हणजे साधारण १६-१७ मिमी असते. त्या वारंवारतेला प्रवाह चिरेभोवतीच घुटमळतो, मेळ मोडतो आणि बहुतेक ऊर्जा पट्टीतून मागे परतते.