व्यंजन: अक्षरातलं आणि पानातलं

स्वराच्या मदतीशिवाय ज्याचा उच्चार पूर्ण होत नाही ते व्यंजन, ही व्याख्या शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली. पण याला 'व्यंजन' का म्हणायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

'वि' हा उपसर्ग आणि 'अञ्ज्' हा धातू. अञ्ज् म्हणजे माखणं, आणि प्रकट करणंसुद्धा. डोळ्यांत घालायचं अंजन त्यातलंच. दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळतो ते अभ्यंगही त्यातलंच. 'व्यक्त' आणि 'व्यक्ती' हे शब्दही याच घरचे. संस्कृतात भाताबरोबर खायच्या कालवणाला, चटणीलाही व्यंजन म्हणतात. आपलं तोंडीलावणं! पोट भातानं भरतं, पण घास कसला होता हे कळतं तोंडीलावण्यामुळे. मला तर अक्षरातलं व्यंजन यावरूनच नीट समजलं.

पाणिनीच्या सूत्रांत स्वरांना 'अच्' आणि व्यंजनांना 'हल्' म्हटलं आहे. पुढे पतंजलींनी या सूत्रांवरच्या महाभाष्यात लिहिलं: 'स्वयं राजन्ते इति स्वराः, अन्वग्भवति व्यञ्जनम्'. स्वर स्वतःच्या बळावर शोभतात, व्यंजन त्यांच्यामागून येतं. 'स्वर' हा शब्द खरा 'स्वृ' म्हणजे आवाज करणं या धातूचा, त्यामुळे पतंजलींचं वाक्य मी व्युत्पत्ती म्हणून वाचत नाही. पण निरीक्षण म्हणून ते फार बारीक आहे.

स्वतःच करून बघा. 'आप' म्हणायला घ्या आणि ओठ मिटले की तिथेच थांबा, उघडू नका. मग तसंच 'आक' म्हणा. दोन्ही वेळा तोंड बंद झाल्यावर पूर्ण शांतता असते, तरी 'प' कुठला आणि 'क' कुठला हे समोरच्याला बहुतेक वेळा कळतं. कारण ओठ किंवा जीभ मिटत जाताना 'आ'चा शेवट वेगवेगळा वळतो. व्यंजनाची खूण स्वरावर उमटलेली असते. (सगळीच व्यंजनं इतकी परावलंबी नाहीत. बाळाला निजवताना 'श्श्श' आपण स्वराशिवायच म्हणतो.)

1950च्या दशकात न्यू यॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ॲल्विन लिबरमन, पिएर देलात्र आणि फ्रँकलिन कूपर यांनी यंत्रानं कृत्रिम अक्षरं तयार करून हेच तपासलं. तोंडाच्या पोकळीत आवाजाच्या काही कंप्रता जास्त घुमतात. त्यांतली खालून दुसरी 'डी'च्या सुरुवातीला सुमारे 2200 हर्ट्झवरून 2600कडे चढते, 'डू'च्या सुरुवातीला सुमारे 1200वरून 700कडे उतरते. चाल उलटी, तरी कानाला दोन्हीकडे 'ड'च ऐकू येतो. आणि तेवढा चढउताराचा तुकडा स्वरापासून तोडून एकटा वाजवला, तर 'ड' ऐकूच येत नाही, पाखराच्या शिळेसारखा आवाज येतो.