'ई' की 'आर'? विमानाच्या नावातल्या एका अक्षराची पार्श्वभूमी

१ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकी नौदलाचे ईपी-३ई विमान आणि चीनचे जे-८ लढाऊ विमान एकमेकांना धडकले. चिनी वैमानिकाचा जीव गेला. नाकाचे टोक तुटलेले अमेरिकी विमान कसेबसे हैनान बेटावर उतरले आणि आतले २४ जण अकरा दिवस चीनच्या ताब्यात राहिले. हे विमान तिथे रडारचे आणि रेडिओचे संकेत टिपत फिरत होते, म्हणजे टेहळणीच करत होते. अमेरिकी हवाई दलाचे आरसी-१३५ हेच काम करते. काम एकच, मग नौदलाच्या विमानाला 'ई' का आणि हवाई दलाच्या विमानाला 'आर' का?

आधी नाव वाचायचे कसे ते पाहू. सुरुवात हायफनपासून करायची आणि डावीकडे जायचे. हायफनला चिकटलेले अक्षर विमानाचे मूळ काम सांगते: 'एफ' लढाऊ, 'ए' हल्ला, 'सी' मालवाहू, 'पी' सागरी गस्त. त्याच्याही डावीकडे अक्षर असेल, तर मूळ विमानात बदल करून त्याला वेगळ्या कामाला जुंपले आहे असे समजायचे. उजवीकडचा आकडा आराखड्याचा क्रमांक आणि शेवटचे अक्षर आवृत्ती. म्हणजे आरएफ-४सी हे नाकात कॅमेरे बसवलेले फँटम लढाऊ विमान, आणि ईए-६बी हे शत्रूची रडारे जॅम करायला, म्हणजे रेडिओ-गोंगाटाने निकामी करायला, सज्ज केलेले हल्ल्याचे विमान. 'आर' म्हणजे टेहळणी, यात संदिग्ध काही नाही. 'ई'ची अधिकृत व्याख्या मात्र 'विशेष इलेक्ट्रॉनिक सामग्री बसवलेले' एवढीच आहे. ती सामग्री शत्रूला आंधळे करते, त्याचे ऐकते की दूरवर पाहते, याबद्दल व्याख्या गप्प. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

ही पद्धत १९६२ची. त्याआधी अमेरिकेत हवाई दल आणि नौदल यांच्या दोन स्वतंत्र बाराखड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी हवाई दल छायाचित्रे घेणाऱ्या विमानाला 'एफ' म्हणे आणि लढाऊ विमानाला 'पी'. पी-३८ लाइटनिंगमध्ये कॅमेरे बसवले की ते एफ-४ किंवा एफ-५ होई, आणि बी-२९ बॉम्बफेक्याचे एफ-१३. १ नोव्हेंबर १९४४ रोजी टोकियोवर जाऊन छायाचित्रे घेऊन आले ते असेच एक एफ-१३. १९४८मध्ये नव्या स्वतंत्र हवाई दलाने 'एफ' लढाऊ विमानांना देऊन टाकला आणि टेहळणीसाठी 'आर' घेतला. शीतयुद्धात सोव्हिएत सीमेवरून रडारचे संकेत ऐकत जाणाऱ्या विमानांनाही हाच 'आर' लागला.

त्यातले आरबी-४७एच पाहण्यासारखे आहे. बॉम्बच्या जागी हवाबंद खोली बसवलेली, तिच्यात तीन माणसे, आणि त्यांच्यापुढे फक्त उपकरणांचे पडदे आणि कानाला हेडफोन. उड्डाणाच्या वेळी ती पुढे वैमानिकांजवळच्या अरुंद बोळात बसत आणि मग रांगत रांगत मागे जात. या लोकांना 'रेव्हन', म्हणजे डोमकावळे म्हणत. पुढे ईएफ-१११ए या जॅमिंगच्या विमानाला रेव्हन हेच नाव मिळाले.

नौदलाचा खाक्या निराळा होता. तिथे नावात कंपनीचेही अक्षर असे आणि काम शेपटीला लागे: 'पी' छायाचित्रण, 'डब्ल्यू' रडारने दूरवरचा इशारा, 'क्यू' इलेक्ट्रॉनिक प्रतिकार. ऐकणारे आणि जॅम करणारे दोघेही एकाच 'क्यू'खाली नांदत. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नव्हती. रडारचा आवाज दाबायचा तर ते कोणत्या कंपनसंख्येवर आणि कोणत्या लयीत बोलते हे आधी ऐकावे लागते. २२ ऑगस्ट १९५६ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ पाडले गेलेले पी४एम-१क्यू मर्केटर असेच कान लावून बसलेले होते. त्यातले १६ही जण गेले.

मग आले संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा. एकाच फँटमला नौदल एफ४एच म्हणते आणि हवाई दल एफ-११०, हे पाहून ते वैतागले अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे देव जाणे, पण १८ सप्टेंबर १९६२ पासून तिन्ही दलांना एकच पद्धत लागू झाली. फँटम एफ-४ झाले. नौदलाच्या एफ४डी स्कायरेचे एफ-६ झाले आणि पुढे फँटमचीच एक आवृत्ती एफ-४डी म्हणून आली. जुन्या आणि नव्या नावात फरक काय, तर एका हायफनचा!

नव्या नावांची शाई वाळते न वाळते तोच क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला. पाचच आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, नौदलाची क्रूसेडर विमाने झाडांच्या शेंड्यांवरून क्षेपणास्त्रांची छायाचित्रे घेत सुटली. कालपर्यंत एफ८यू-१पी असलेली ही विमाने आता आरएफ-८ए होती. प्रत्येक यशस्वी फेरीनंतर त्यांच्या अंगावर एक मेलेली कोंबडी रंगवली जाई.

छायाचित्रणाची 'पी' अशी सरळ 'आर'मध्ये गेली. इलेक्ट्रॉनिक कामांचे मात्र कडबोळे झाले. स्कायरेडर विमानाच्या दोन आवृत्त्या घ्या. पोटाखाली मोठे रडार लावून पाहणारी एडी-५डब्ल्यू झाली ईए-१ई, आणि जॅम करणारी एडी-५क्यू झाली ईए-१एफ. जहाजावरून चोरून ऐकायला जाणारे ए३डी-२क्यू झाले ईए-३बी. पाहणारा, ओरडणारा आणि ऐकणारा, तिघांनाही एकच 'ई'. ईपी-३ई या तिसऱ्या घराण्यातले, मर्केटरचा वारसदार. माझ्या मते त्याच्या 'ई'मागे जुना 'क्यू' आहे, आणि आरसी-१३५च्या 'आर'मागे आरबी-४७एच.

हवाई दलालाही ही सीमारेषा फार काळ सांभाळता आली नाही. आरबी-६६सी व्हिएतनामच्या मोहिमेत आले ते ऐकायला, पण क्षेपणास्त्रांची रडारे दिसू लागताच जॅम करणे हेच त्यांचे रोजचे काम झाले. १९६६मध्ये त्यांचा 'आर' पुसून 'ई' लिहिला गेला.

काही अक्षरे तर सरळ फसवायलाच ठेवलेली होती. यू-२ मधला 'यू' म्हणजे किरकोळ उपयोगाचे विमान. ७० हजार फुटांवरून सोव्हिएत संघाची छायाचित्रे घेणारे विमान कागदावर सामानसुमान हलवणाऱ्यांच्या पंगतीत बसले होते. १ मे १९६० रोजी ते पाडले गेल्यावर, हवामान अभ्यासाची थाप खपावी म्हणून दुसरे एक यू-२ नासाच्या चिन्हासह पत्रकारांपुढे उभे केले गेले. १९८०च्या दशकात त्याची नवी तुकडी टीआर-१ नावाने आली, कारण यू-२ म्हटले की लोकांना हेरगिरीच आठवे. पुढे तीही यू-२च झाली.

इतर देशांत अक्षरे वेगळी, पण तऱ्हा तीच. ब्रिटिश पद्धतीत काम आधी आणि आवृत्ती नंतर, म्हणून भारताने घेतलेल्या कॅनबेरा विमानांत बी(आय).५८ बॉम्बफेकी आणि पीआर.५७ छायाचित्रणाचे. लोहगावच्या धावपट्टीने यातली बी(आय).५८ वर्षानुवर्षे पाहिली आहेत. बरेलीच्या तळावर २००६पर्यंत असलेल्या आपल्या मिग-२५आर मधला रशियन 'आर' टेहळणीचाच. पण मिग-२५पी मधला 'पी' शत्रूविमान अडवणारा आणि तूपोलेव्ह-१६पी मधला 'पी' जॅम करणारा, त्यामुळे तिथेही संदर्भ पाहूनच वाचावे लागते.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी हवाई दलाने आपल्या नव्या जॅमिंग विमानाचे नाव ईसी-३७बी वरून ईए-३७बी केले. गल्फस्ट्रीम जी५५० या खासगी जेटवर बांधलेले हे विमान मालवाहू नाही, ते इलेक्ट्रॉनिक हल्ला करते, हे नावातून कळावे म्हणून 'सी' जाऊन 'ए' आला. पुढचा 'ई' मात्र तसाच आहे.